घटस्फोटानंतर आम्ही पुन्हा जवळ आलो आहोत, पण मनातला संशय जात नाही

संगमावरची (सांगली)

मी ४१ वर्षांची असून सांगलीत गावभागात आई-वडिलांजवळ राहते आणि नोकरी करते. आमचा परस्परसंमतीचा घटस्फोट जून २०१९ मध्ये झाला. कामाच्या ठिकाणच्या एका स्त्रीशी त्यांचे दीड वर्ष संबंध होते आणि ते मला त्यांच्या तोंडून नव्हे, तर मोटारीच्या कप्प्यात सापडलेल्या औषधाच्या दुकानातील एका पावतीवरून कळले. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. माझ्या भावाने वकिलांची फी भरण्यासाठी आपली मोटारसायकल विकली, ही गोष्ट मी आजही विसरू शकत नाही.

निकालाला दोन महिनेही झाले नव्हते, तोच ऑगस्टमध्ये महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले आणि आमचा तळमजला बुडाला. माझे पूर्वीचे पती मिरजेहून होडी मिळवून आले आणि माझ्या वडिलांना पाठीवर घेऊन जिना उतरले. वडिलांनी तेवढा वेळ मान दुसरीकडे फिरवून ठेवली होती, आणि पूर ओसरल्यावर घरात पुन्हा त्यांचे नाव निघाले नाही.

गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांवर मिरजेत तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. मुलीचे आजोबा म्हणून मी गेले आणि तेथेच राहिले. ते पैशांची सोय करायला बाहेर गेले असताना संमतीपत्र माझ्यापुढे आले, आणि ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात माझ्या हातून ‘सून’ असे लिहिले गेले. सासरे घरी परतल्यानंतर एका संध्याकाळी आम्ही दोघे हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर बसलो होतो. त्या दिवसानंतर जे घडले ते दोघांच्याही मनाने घडले. त्यांच्या उजव्या खांद्याचे जुने दुखणे कोठे आहे, हे सहा वर्षांनंतरही माझ्या हाताला ठाऊक होते.

आता सात महिने झाले. आम्ही शनिवारी दुपारी त्यांच्या मिरजेच्या घरी भेटतो आणि मी घरी कार्यालयातल्या कामाचे निमित्त सांगते. मागच्या महिन्यात ते झोपलेले असताना मी त्यांचा मोबाइल उघडून पाहिला. आक्षेपार्ह असे काहीही नव्हते. तरीही दिलासा वाटण्याऐवजी मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांना न उठवता मी निघून आले. हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

सर्वांत जास्त छळते ते हे, की शनिवारची वेळ, घरी सांगितलेले खोटे कारण आणि आजूबाजूच्यांची नजर चुकवून चढलेला जिना हे सगळे पूर्वी त्या दोघांचे होते. आज तिच्या जागी मी आहे, आणि खोटेही मीच बोलते आहे. विश्वास पुरता बसेपर्यंत ही जवळीक थांबवावी काय? मुलीला आणि वडिलांना कसे सांगावे? पुन्हा विवाह करायचा झाल्यास कायदा काय म्हणतो? कृपया अनुभवी व्यक्तींनी लिहावे.

चार भिंती (सातारा)

ताई, आमचाही घटस्फोट अशाच कारणाने २०११ मध्ये झाला आणि २०१६ मध्ये त्याच माणसाशी मी पुन्हा लग्न केले, म्हणून अधिकाराने लिहिते आहे. विश्वास आधी पूर्ण बसेल आणि मग जवळीक होईल, अशी वाट मी पाहिली असती तर आजही पाहतच राहिले असते. जवळीक थांबवा असे मी म्हणणार नाही. ज्या भेटींसाठी खोटे बोलावे लागते तेवढ्या थांबवा. आम्ही दर रविवारी सकाळी राजवाड्यापासून चार भिंती या स्मारकापर्यंत चालत जात असू, सर्वांच्या देखत. लोकांनी विचारले, आणि आम्ही उत्तरे दिली. त्या चालण्याने मला जेवढे सावरले तेवढे बंद दाराआडच्या भेटींनी सावरले नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मी त्यांच्याकडे तारखा मागितल्या. त्या दोघांत काय घडले याचा तपशील मला नको होता. ‘माझे वडील अतिदक्षता विभागात होते त्या आठवड्यात तुम्ही कोठे होता?’ एवढेच हवे होते. ज्या दिवाळीत आपण सुखी होतो असे मी समजत आले, ती दिवाळी खरी होती की नव्हती, हे मला ठरवता येत नव्हते. फसवणुकीत पुढचा भरवसा जातो तसा मागच्या आठवणींवरचाही जातो, आणि हे फसवणाऱ्या माणसाला सहसा उमगत नाही. त्यांनी वहीत तारखा लिहून दिल्या. एकच प्रश्न मी पुनःपुन्हा विचारला तरी चिडायचे नाही, हे त्यांनी मान्य केले होते आणि बहुतेक वेळा पाळलेही. काही आठवणी मला टाकून द्याव्या लागल्या, पण ज्या उरल्या त्या आता निःशंकपणे माझ्या आहेत.

मोबाइल पाहिल्याचे मात्र त्यांना लवकर सांगा. मध्यंतरीच्या वर्षांचा विचार करून दोघांनीही रक्ततपासणी करून घ्यावी, हेही मोकळेपणाने सांगते. सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते आणि गुप्तता राखली जाते. आपल्या वयात गर्भधारणा होऊ शकते, तेव्हा तीही काळजी घ्या. रात्री अनोळखी क्रमांकावरून त्यांना फोन आला की माझ्या पोटात आजही गोळा येतो. फरक एवढाच, की आता मी ते बोलून दाखवते.

निवृत्त वकील (सांगली)

घटस्फोटाचा हुकूमनामा एकत्र आल्याने किंवा एकत्र राहिल्याने आपोआप रद्द होत नाही, त्यामुळे आज आपण कायद्याने पती-पत्नी नाही. त्यांचे काही बरेवाईट झाल्यास १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगी वारस ठरते, आपण नाही. मुलीचा ताबा आणि पोटगी यांविषयीचा हुकूमही तोंडी बोलण्याने बदलत नाही. तो चालू ठेवावा.

त्याच दोघांनी पुन्हा विवाह करण्यास कायद्याची आडकाठी नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे करायचा असेल तर विधिपूर्वक लग्न लावावे लागेल. विधी न करता केलेल्या नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. दुसरा मार्ग विशेष विवाह कायदा, १९५४ चा: दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ३० दिवसांची मुदत आणि विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार. ही नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. सांगलीत अशी बातमी घरी पोहोचायला दोन दिवस लागणार नाहीत, म्हणून वडिलांना आणि मुलीला ती आपल्याच तोंडून आधी कळावी, असे मला कळकळीने वाटते.

वारणाकाठ

मी आपल्या पूर्वीच्या पतीच्या जागी होतो. आम्हीही पुन्हा एकत्र आलो होतो, पण आठ महिन्यांत ती परत गेली. तिने मला जवळ घेतले याचाच अर्थ मी क्षमा असा लावला. रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपली की मी विचारीत असे, ‘अजून किती दिवस?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार माझा नव्हता, हे मला ती गेल्यावर समजले. आपले पूर्वीचे पती अजून त्याच ठिकाणी नोकरी करतात काय आणि ती स्त्री तेथे आहे काय, हे आपण विचारले आहे का? आपण विचारण्याआधीच त्यांनी ते सांगितले असेल, तर माझ्यापेक्षा ते शहाणे आहेत.

संगमावरची (सांगली)

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. मोबाइलविषयी त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग ‘आता माझ्यासमोर पाहा’ एवढे म्हणाले. ती नोकरी त्यांनी २०२० मध्येच सोडली होती. मीच कधी विचारले नव्हते आणि त्यांनीही सांगितले नव्हते. तारखांची वही सुरू केली आहे. पहिले पान वाचून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलू शकले नाही.

काल रात्री वडिलांना सांगितले. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. निजायला जाताना दारात थांबून त्यांनी विचारले, ‘पुरात मला उचलले तेव्हा त्यांचा तो खांदा दुखत होता का गं?’ मला उत्तर देता आले नाही. मुलीशी येत्या रविवारी आम्ही दोघे मिळून बोलणार आहोत. त्यानंतर येथे लिहीन.