थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला जायचे आहे : तयारी कोठून सुरू करावी?

प्रश्न : साताऱ्याची शिक्षिका

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत मी गेली नऊ वर्षे आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. माझे बी.ए. (इंग्रजी) आणि बी.एड. दोन्ही शिवाजी विद्यापीठातून झाले असून वय ३४ आहे. येत्या वर्षी थायलंडमधील एखाद्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून जाण्याचा विचार आता पक्का होत आला आहे. यजमानांची संमती आहे, आणि सहा वर्षांच्या मुलीला पहिले सहा महिने माझी आई सांभाळणार आहे.

पुण्यातील एका मध्यस्थाने या कामासाठी दीड लाख रुपये मागितले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की आधी पर्यटक म्हणून जा, शाळा तिथे गेल्यावर मिळेल आणि व्हिसाचे नंतर पाहता येईल. करारपत्राचा नमुना दाखवा असे म्हटल्यावर मात्र त्यांनी विषय बदलला. त्यामुळे मन साशंक झाले आहे.

दुसरी काळजी मला अधिक आतून खाते. माझ्या वर्गात मी धडा वाचते, प्रत्येक वाक्याचा मराठीत अर्थ सांगते आणि मग फळ्यावर प्रश्नोत्तरे लिहून देते. ज्या मुलांना मराठी येत नाही आणि ज्यांची भाषा मला येत नाही, त्यांच्यासमोर मी उभी राहून काय करणार? शिवाय माझे उच्चार साताऱ्याचे आहेत. जे खरोखर तिथे जाऊन आले आहेत किंवा हा विषय जाणतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : खोन कॅनमध्ये पाच वर्षे

ताई, मी २०१८ ते २०२३ अशी पाच वर्षे थायलंडच्या ईशान्य भागातील खोन कॅन येथे एका सरकारी शाळेत शिकवले आहे, म्हणून पहिली गोष्ट स्पष्टपणे सांगते : पर्यटक म्हणून जाऊन शिकवायला उभे राहणे हा तिथे गुन्हा आहे. कामाचा परवाना नसताना काम करणाऱ्याला दंड होतो, त्याला देशाबाहेर काढले जाते, आणि शाळेने हात वर केले तर दाद मागायला जागा उरत नाही. योग्य क्रम असा, की आधी शाळेचे लेखी नियुक्तिपत्र आणि तिची कागदपत्रे हाती यावीत, त्यांच्या आधारे इथूनच नोकरीच्या प्रवर्गातील, म्हणजे नॉन-इमिग्रंट बी, व्हिसा मिळवावा आणि मगच विमानाचे तिकीट काढावे.

मध्यस्थाबद्दल म्हणाल, तर परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील परवाना असावा लागतो. त्याचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि अशा परवानाधारकाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. दीड लाखांचा आकडा ऐकल्यावर तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळते. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता, कारण थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने गेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावाडी भागात नेऊन डांबून ठेवले जात होते. ती प्रकरणे संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांची होती, शिक्षकांची नव्हती, हे खरे. पण 'आधी या, कागद नंतर पाहू' हे बोलणे त्यांनीही ऐकलेलेच होते.

आता कागदपत्रांकडे वळते. माझे सर्वांत जास्त दिवस इथेच गेले. माझी पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि गुणपत्रिकेवर आपल्या पद्धतीप्रमाणे आधी आडनाव, मग माझे नाव, मग वडिलांचे नाव. थायलंडमध्ये आधी स्वतःचे नाव आणि मग आडनाव असा रिवाज आहे, त्यामुळे शाळेच्या कार्यालयाने माझे आडनाव हेच माझे नाव समजून नियुक्तिपत्र तयार केले, आणि पासपोर्टवरची बाई व पदवीवरची बाई एकच आहे हे त्यांना पटेना. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि शासकीय राजपत्रातील नावबदलाची नोंद, या दोन्हींचे इंग्रजी भाषांतर करून पाठवल्यावरच गाडे पुढे सरकले. त्यात सात आठवडे गेले आणि त्या सत्राची माझी जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. तुमची नावे वेगवेगळी असतील, तर आजच या कामाला लागा.

पदवीचे साक्षांकन आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी थाई वकिलातीकडून करून घ्यावे लागले, कारण माझ्या वेळी थायलंड अपोस्टिल करारात, म्हणजे एकाच शिक्क्यावर एकमेकांची कागदपत्रे मान्य करणाऱ्या देशांच्या करारात, नव्हता. 'अपोस्टिल करून देतो, सगळीकडे चालते' असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकण्याआधी शाळेला आणि वकिलातीला लेखी विचारून घ्यावे. पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत, ५०० रुपये शुल्क भरून मिळते; पण शाळा ते ताजे मागते, म्हणून ते सगळ्यांत शेवटी काढा. आणखी एक बारीक गोष्ट : ज्या देशांत नोकरीसाठी जाताना ईसीआर, म्हणजे 'उत्प्रवासन तपासणी आवश्यक' अशी नोंद असलेल्या पासपोर्टधारकाला उत्प्रवासन परवानगी लागते, त्या यादीत थायलंड आहे. दहावी उत्तीर्ण व्यक्तीला ही अट लागू होत नाही, पण पासपोर्ट काढताना दहावीचे प्रमाणपत्र जोडायचे राहिले असेल तर तशी नोंद असू शकते. पासपोर्ट काढून एकदा पाहा.

तुमचे बी.एड. ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. तिथे शिक्षकांच्या परवान्याचे काम पाहणाऱ्या परिषदेला 'खुरुसपा' म्हणतात, म्हणजे आपली 'गुरुसभा'च. ज्यांच्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नसते, त्यांच्यासाठी शाळेला साधारण दोन वर्षांची तात्पुरती सवलत मागावी लागते; तुमचा मार्ग त्या मानाने सरळ आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा मानली जात नाही, अशा देशांच्या शिक्षकांकडून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी किमान ६०० गुण मागण्याची पद्धत आहे. नऊ वर्षे इंग्रजी शिकवलेल्या व्यक्तीला ते अवघड नाही, मात्र ऐकण्याच्या भागाचा सराव केल्याशिवाय बसू नका.

उत्तर २ : निवृत्त शिक्षक-प्रशिक्षक, कोल्हापूर

बाई, वरील उत्तरात कागदपत्रांची बाजू उत्तम आली आहे. मी आपल्या दुसऱ्या काळजीविषयी लिहितो, कारण माझ्या मते खरी तयारी तीच आहे आणि ती साताऱ्यातल्या आपल्या वर्गातच होऊ शकते.

उच्चारांविषयीचा न्यूनगंड मनातून काढून टाकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ब्रज कछरू या काश्मिरी भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळांत मांडणी केली. आतले वर्तुळ इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांचे. त्याबाहेरचे भारतासारख्या, जिथे इंग्रजी शिक्षणात, न्यायालयात आणि कारभारात रुजली आहे अशा देशांचे. आणि तिसरे, जिथे ती परकी भाषा म्हणून शिकली जाते अशा देशांचे. थायलंड या तिसऱ्या वर्तुळात येतो. आपण इंग्रजी स्वतः शिकून मिळवली आहे आणि ती शिकताना माणूस कोठे अडखळतो हे आपल्याला ठाऊक आहे. हे भांडवल लहान नव्हे. नोकरीच्या काही जाहिरातींत पासपोर्टचा रंग पाहिला जातो, हे अन्यायाचे आहे आणि मी त्याचे समर्थन करत नाही. पण त्या जाहिराती आपल्यासाठी नाहीत एवढे समजून पुढे जावे.

सुधारण्यासारखे मात्र आहे. मराठीत 'व' एकच असल्यामुळे 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बंडी यांचा पहिला ध्वनी आपण सारखाच काढतो. पहिल्यासाठी ओठांचा चंबू करावा, दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवावेत. आरशासमोर रोज दहा मिनिटे हे केले, तर महिनाभरात फरक ऐकू येतो. उलट 'पेन' आणि 'पॅन' यांतला भेद आपल्याला सहज साधतो, कारण मराठीने त्यासाठी चंद्राची खूण कधीच स्वीकारली आहे. थाई मुलांची अडचण वेगळी आहे. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी मोजकेच ध्वनी येतात, त्यामुळे अखेरचा 'स' किंवा 'ल' त्यांच्या तोंडून निघत नाही, आणि 'र'च्या जागी 'ल' येतो. शेवटचा 'स' गळला की अनेकवचन गळते. ते व्याकरण न समजल्यामुळे होते असे समजून शिक्षक नियम समजावत बसतात आणि तास वाया जातो.

काळांचेही तसेच. आपण 'तो जातो, तो गेला' असे मराठी उदाहरण देऊन भूतकाळ शिकवतो, कारण मराठीत क्रियापद बदलते. थाई भाषेत क्रियापद बदलतच नाही. काल, आज, उद्या हे शब्द तेवढे बदलतात. म्हणून तिथे फळ्यावर एक आडवी रेघ ओढावी, मधोमध आजचा वार लिहावा, मागे कालचा वार लिहावा, आणि हातातले केळे खरोखर सोलून खावे. मग रिकामी साल कालच्या वाराखाली धरून वाक्य म्हणावे. ही युक्ती मी स्वतः पाचवीच्या वर्गात अनेकदा केली आहे. मराठीचा एक शब्द न वापरता मुलांनी चौथ्या मिनिटाला क्रियापदाचे योग्य रूप स्वतःहून म्हटले.

आपण उद्यापासून हे करावे : आठवड्यातून दोन तासिकांत पहिली वीस मिनिटे मराठी पूर्ण बंद ठेवावी, आणि ती वीस मिनिटे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घरी ऐकावीत. आपण किती बोलतो आणि मुले किती कमी बोलतात, हे ऐकून आपल्यालाच आश्चर्य वाटेल. 'समजले का?' हा प्रश्न वर्गातून हद्दपार करावा, कारण त्याला सगळीकडची मुले होच म्हणतात. त्याऐवजी 'त्याने केळे खाल्ले का? आता केळे आहे का?' असे छोटे प्रश्न विचारले, की समजले आहे की नाही ते आपोआप कळते. शक्य असल्यास सेल्टासारखा, इंग्रजी शिकवण्याचे प्रशिक्षण देणारा १२० तासांचा अभ्यासक्रम करावा, कारण त्यात निरीक्षकासमोर प्रत्यक्ष सहा तास शिकवावे लागते. केवळ घरबसल्या मिळणारे १२० तासांचे प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला उपयोगी पडते, वर्गात त्याचा आधार फारसा होत नाही.

उत्तर ३ : सध्या थायलंडमधील शिक्षक

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. रोजच्या जगण्याविषयी थोडे लिहितो.

सकाळी आठला राष्ट्रगीत आणि ध्वजवंदन होते, आणि परदेशी शिक्षकानेही रांगेत उभे राहावे अशी अपेक्षा असते. माझ्या वर्गात ४५ मुले आहेत. आपल्याकडच्या शिक्षकाला या संख्येची भीती वाटत नाही, आणि मुलाखतीत ही गोष्ट आवर्जून सांगावी. मुले हात जोडून 'ख्रू' अशी हाक मारतात. हा शब्द 'गुरू'वरूनच आला आहे.

पहिल्या सत्राच्या सुरुवातीला, बहुधा जूनमधल्या एखाद्या गुरुवारी, 'वाई ख्रू' म्हणजे गुरुवंदनेचा कार्यक्रम असतो. पहिल्या वर्षी एक मुलगी गुडघ्यांवर सरकत माझ्यापुढे आली आणि तिने फुलांचे तबक माझ्या हातात दिले. त्यात वांग्याची फुले होती, लाल रंगाची एक्झोराची फुले होती, आणि मधोमध चक्क दूर्वांची जुडी खोवलेली होती. सोबत भाताच्या लाह्याही असतात, असे सहकारी शिक्षिकेने सांगितले. दूर्वा जशा जमिनीवर भरभर पसरतात तशी विद्या पसरावी, असा त्यांचा अर्थ लावतात. घरापासून इतक्या दूर, गणपतीला वाहतो ती हरळी हातात घेऊन उभा असताना माझे डोळे भरून आले होते.

शाकाहारी असाल तर 'मांगसविरत' हा शब्द पाठ करा. तो आपल्या 'मांस' आणि 'विरती' यांचाच झाला आहे. तरीही माशांचे पाणी, म्हणजे 'नाम प्ला', भाजीत घातले जाते आणि देणाऱ्याला ते मांसाहारी वाटत नाही, म्हणून ते वेगळे सांगावे लागते. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत 'चे' लिहिलेले दुकान दिसले, तर तिथे निर्धास्त खा. गोडा मसाला आणि छोटा कुकर मात्र घरूनच आणा.

दर ९० दिवसांनी इमिग्रेशन कार्यालयाला पत्ता कळवावा लागतो. आणि मुलीला भेटायला मध्येच भारतात यायचे असेल, तर निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना काढायला विसरू नका. एका वेळेसाठी १,००० बाट आणि अनेक वेळांसाठी ३,८०० बाट असे त्याचे शुल्क मी भरले आहे. तो न काढता देश सोडला तर तिथे राहण्याची वर्षभराची मुदतवाढ रद्द होते. पहिला पगार महिनाअखेरीस मिळतो आणि घराची अनामत आधी द्यावी लागते, म्हणून दोन-अडीच महिन्यांचा खर्च सोबत असू द्या.

साताऱ्याची शिक्षिका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मध्यस्थाला आज नकार कळवला. माझीही पदवी माहेरच्या नावाने आहे, त्यामुळे राजपत्राचे काम या आठवड्यात सुरू करते. काल नववीच्या वर्गात वीस मिनिटे मराठी बंद ठेवून पाहिली. सातव्या मिनिटाला मी नकळत मराठीत बोलले आणि मुलांनीच मला थांबवले. शेवटचे एक विचारते : मे महिन्याच्या सत्रासाठी प्रयत्न करावा, की नोव्हेंबरच्या?

उत्तर १ : खोन कॅनमध्ये पाच वर्षे

तुमचा राजपत्राचा कागद हाती येण्यावर ते अवलंबून आहे. तिथले पहिले सत्र मेच्या मध्यावर आणि दुसरे नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडते, आणि मेच्या जागांसाठी शाळा मार्च-एप्रिलमध्ये मुलाखती घेतात. तुम्ही अनुदानित शाळेत कायम असाल, तर महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे राजीनाम्यापूर्वी तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे मेसाठी फेब्रुवारीतच नोटीस द्यावी लागेल, तीही नियुक्तिपत्र हातात नसताना. तसे करू नका. नोव्हेंबरचे सत्र धरा; जूनमध्ये अर्ज पाठवायला सुरुवात करा, नियुक्तिपत्र लेखी आल्यावरच नोटीस द्या, आणि नोटिशीच्या काळात साक्षांकन उरकून घ्या. विद्यापीठाकडून पदवी पडताळणीचे पत्र मागवताना मोहोरबंद दोन प्रती मागा. मी एकच मागितली होती. ती वकिलातीच्या फायलीत राहिली आणि शाळेसाठी पुन्हा सगळे पहिल्यापासून करावे लागले.