‘मल्टिसिग लावा आणि निवांत झोपा’ म्हणणाऱ्यांनो, जरा उठा

सहीबहाद्दर:
परवा इथेच एकाने लिहिलं, ‘क्रिप्टो चोरीला जातं कारण लोक एका किल्लीवर विसंबतात. मल्टिसिग लावा आणि निवांत झोपा.’ खाली वाहवा. वाचून डोकंच फिरलं.

किल्ली म्हणजे सही करायचा गुप्त कोड आणि मल्टिसिग म्हणजे अनेकांच्या सह्या झाल्या तरच पैसा हलणारं वॉलेट. वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्सचेंजचं वॉलेट मल्टिसिगच होतं ना? सहा सहीवाले, पाच त्यांचे, एक लिमिनल या वॉलेट सांभाळणाऱ्या कंपनीचा. तीन वझीरएक्सच्या आणि शेवटची लिमिनलची झाल्याशिवाय पैसा हलत नव्हता. तरी 18 जुलै 2024 ला 23 कोटी डॉलरच्या आसपास माल गेला आणि मग दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसले. बायबिट या एक्सचेंजचं तर विचारूच नका. फेब्रुवारी 2025, दीड अब्ज डॉलर. किल्ली कुणाची चोरली नाही. बायबिट ज्यांचं मल्टिसिग वॉलेट वापरत होतं त्या सेफच्या एका डेव्हलपरचं मशीन पोखरलं, साइटचा कोड (जावास्क्रिप्ट) बदलला. पडद्यावर नेहमीची ट्रान्स्फर दिसत होती, सही मात्र वॉलेटचा आतला कोडच बदलण्यावर होत होती. सगळे एकाच पडद्याकडे बघून ‘अप्रूव्ह’ दाबणार असतील तर सहा काय आणि साठ काय!

दोन_किल्ल्या:
ती पोस्ट माझीच, नाव घ्यायला काय झालं होतं? मग एकच किल्ली ठेवायची का? क्वाड्रिगा या कॅनडाच्या क्रिप्टो एक्सचेंजचा मालक 2018 च्या डिसेंबरात जयपूरला वारला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेले. मल्टिसिग असतं तर?

सहीबहाद्दर:
तरी काहीही फरक पडला नसता. वॉलेटं आधीच रिकामी होती. ऑन्टारियोच्या नियामकाने 2020 मध्ये सरळ फसवणूक म्हटलंय. अर्धीच बातमी वाचायची आणि इथे येऊन शिकवायचं.

टीडीएसग्रस्त:
तुमच्या सह्या राहू द्या बाजूला. क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर, तोटा वजा करायचा नाही, वर प्रत्येक विक्रीला 1 टक्का टीडीएस. त्या चोऱ्या करणाऱ्या उत्तर कोरियाच्या हॅकरांचा टीडीएस कापला का कुणी?

दोन_किल्ल्या:
आले. धागा कुठलाही असो, हे टीडीएस घेऊन हजर.

चौथा_मजला:
मला ब्लॉकचेन कळत नाही, सह्या कळतात. आमच्या सोसायटीत चेकवर सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांच्या सह्या लागतात. खजिनदार मुलीकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा अख्ख्या चेकबुकवर सह्या करून ते सेक्रेटरींच्या कपाटात ठेवून गेले. रंगवाल्याला दोनदा पैसे गेले, ते वार्षिक सभेत कळलं. दोन सह्या होत्या की!

माजी_खजिनदार:
जरा थांबा. मीही आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षं फुकटात हे काम केलंय. लिफ्ट बंद पडली की तुमच्यासारखेच रात्री अकराला बेल वाजवतात, ‘काका, मेकॅनिकला चेक द्या.’ सही करून ठेवली नसती तर ते जिन्याने गेले असते. एकदा व्हा ना खजिनदार. निवडणुकीला अर्ज भरायला कुणी येत नाही.

चौथा_मजला:
म्हणून कोरे चेक? फुकट काम केलं म्हणजे हिशेब विचारायचा नाही? आमच्याकडेही हेच ऐकवतात.

माजी_खजिनदार:
मेंटेनन्स थकवणारेच सभेत सगळ्यात मोठ्याने बोलतात, एवढंच सांगतो.

चौथा_मजला:
माझा एक रुपयाही बाकी नाही. शब्द मागे घ्या.

दोन_किल्ल्या:
सोसायटीचा वेगळा धागा काढा की हो! मुद्द्यावर येतो. सहीबहाद्दर, दोष सह्यांचा नाही, न वाचता करण्याचा आहे. बायबिटवाल्यांच्या लेजरवर, म्हणजे सही करायच्या छोट्या यंत्रावर (हार्डवेअर वॉलेटवर), व्यवहार उलगडून दिसतच नव्हता. ‘ऑपरेशन’च्या जागी 0 ऐवजी 1 होता, म्हणजे डेलिगेटकॉल, बाहेरचा कोड वॉलेटच्याच अधिकाराने चालवायचा आदेश. व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा आकडी ठसा, दुसऱ्या मशीनवर स्वतंत्र काढून ताडला असता तर तिथेच पकडलं असतं.

सहीबहाद्दर:
मी वेगळं काय म्हणतोय? फक्त तुमच्या पोस्टमध्ये ‘निवांत झोपा’ होतं, ‘हॅश ताडा’ नव्हतं. आणि ऑक्टोबर 2024 चं रेडियंट, ते क्रिप्टो कर्जाचं प्लॅटफॉर्म? 11 पैकी 3 सह्या, हार्डवेअर वॉलेटं, पडद्यावर सगळं ठीकठाक. मालवेअर डेव्हलपरांच्याच मशीनवर. पाच कोटी डॉलर साफ.

दोन_किल्ल्या:
11 पैकी 3 ठेवणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. पण डेलिगेटकॉल अडवणारा गार्ड (व्यवहार तपासणारा कोड) लावा, मोठ्या रकमेला 24 तासांचा टाइमलॉक ठेवा, म्हणजे तेवढा वेळ पैसा हलणारच नाही. हे सगळं सेफसारख्या वॉलेटवर बसतं, साध्या एका किल्लीच्या खात्यावर नाही.

सहीबहाद्दर:
बरं, टाइमलॉकचं मान्य. मूळ पोस्टमध्ये ते घाला, मग मीही टाळी वाजवीन. हळू आवाजात.

टीडीएसग्रस्त:
टाइमलॉकमध्ये 24 तास अडकलेल्या मालाचा भाव पडला तर तो तोटाही वजा होणार नाही, लक्षात ठेवा.

माजी_खजिनदार:
चौथा मजला, शब्द मागे घेतो. पण कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, तर तेव्हाच का नाही बोललात?

चौथा_मजला:
बोललो होतो. इतिवृत्तात आलं नाही. इतिवृत्त कोण लिहितं, विचारा.