मदत हवी आहे : नाशिकमध्ये गुलाबप्रेमींच्या मंडळाचे सभासद कसे व्हावे?

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगर भागात राहतो. सासूबाईंनी अंगणात आणि गच्चीवरच्या कुंड्यांत हौसेने वाढवलेल्या गुलाबांची देखभाल त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली आहे. ती नीट व्हावी म्हणून शहरातल्या एखाद्या गुलाबप्रेमी मंडळाचे सभासद व्हावे असे मनात आहे. सभासदत्व कसे मिळते, वर्गणी साधारण किती असते आणि ज्याने आजवर स्वतःच्या हाताने छाटणी केलेली नाही अशा नवख्या माणसाला तिथे सामावून घेतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सर्वांत मोठी अडचण आहे ती जातींच्या नावांची. सासूबाई प्रत्येक झाड नावाने ओळखत, पण कुंड्यांवरच्या पट्ट्यांवरील अक्षरे आता उन्हापावसाने पुसली गेली आहेत. एका झाडाचे फूल उमलताना सायीच्या रंगाचे असते आणि ऊन लागेल तसतशी पाकळ्यांची कड लाल होत जाते, सुगंधही भरपूर. अमेरिकेत १९७७ साली आलेली ‘डबल डिलाइट’ ती हीच, असे मला वाटते. दुसरे पिवळे, कडेला गुलाबी छटा असलेले फूल ‘पीस’ असावे, म्हणजे दुसरे महायुद्ध संपत असताना, १९४५ मध्ये, ज्याला हे नाव मिळाले तो फ्रेंच गुलाब. लाल फुलांच्या झाडांपुढे मात्र मी हात टेकले आहेत. फोटोत सगळे लाल गुलाब सारखेच दिसतात. पानांची चकाकी, काट्यांची ठेवण, देठाची लांबी आणि फूल जुने होताना त्यावर येणारी निळसर झाक हे सारे झाडापाशी उभे राहूनच पाहावे लागते. मंडळातले ज्येष्ठ सभासद अशी ओळख पटवून देतात का? जातीचे नाव ठाऊक नसेल तर ते फूल प्रदर्शनात ठेवता येते का?

दुसरा प्रश्न छाटणीचा. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये कात्री लावायची, हे द्राक्षांची गोडी छाटणी दरवर्षी पाहणाऱ्या नाशिककराला वेगळे सांगावे लागत नाही. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण पंचेचाळीस दिवस धरतात, पण निफाडकडची थंडी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे आणि गारठ्यात कळी रेंगाळते. प्रदर्शनाच्या दिवशी फूल अर्धे-पाऊण उमललेले असावे यासाठी इथले अनुभवी लोक कोणत्या आठवड्यात छाटणी करतात आणि ती किती खोलवर घेतात, हे मला समजून घ्यायचे आहे.

एका झाडाबाबत तातडीने सल्ला हवा आहे. अंगणातल्या सर्वांत जुन्या गुलाबाच्या बुडातून फिकट हिरवी, लांबच लांब काठी जोमाने वर आली आहे. खुंटाची, म्हणजे ज्या गुलाबावर कलम बांधलेले असते त्या खालच्या झाडाची, फूट मुळापासून काढावी लागते हे मला माहीत आहे, परंतु मातीचा थर चढल्यामुळे डोळा भरल्याची गाठ, म्हणजे कलमाचा सांधा, दिसत नाही आणि ही काठी गाठीच्या वरून फुटली आहे की खालून, ते ठरवता येत नाही. ती वरच्या, कलम केलेल्या जातीचीच असेल तर झाडाची सर्वांत सशक्त फांदी माझ्या हातून जाईल. माती उकरून गाठ मोकळी करताना मुळांना इजा होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

मोहाडी-जानोरीकडच्या पॉलिहाउसमध्ये उत्तम गुलाब होतात, पण तिथले सारे गणित बाजारात जाणाऱ्या फुलांचे असते. मला घरचे झाड वर्षानुवर्षे सांभाळायला शिकायचे आहे. ज्या शहराला मुघल काळात गुलशनाबाद म्हणत, तिथे हे शिकवणारी माणसे नक्कीच असतील. मंडळाच्या बैठका कुठे होतात आणि छाटणीचे प्रात्यक्षिक सभासदांच्या बागेत होते का, हे सप्टेंबर संपण्यापूर्वी कळले तर यंदाच्या छाटणीआधीच मला नाव नोंदवता येईल.