मन खातं, टोचणी, पाप, अनुताप : गेममध्ये भावाला मारल्यावर जे वाटतं ते नेमकं काय?

टिळकवाडी, बेळगाव

एक शब्द पाहिजे. विषय गेमचा आहे पण प्रश्न मराठीचा आहे म्हणून इथं विचारालोय. क्रुसेडर किंग्ज ३ म्हणून एक गेम आहे, स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा, २०२० ला आला. त्यात एका राजघराण्याचा प्रमुख म्हणून खेळायचं, राजा मेला की त्याचा वारस म्हणून पुढं, असं पिढ्यानपिढ्या. ८६७, १०६६ अशा ठरावीक सालांपासून सुरू करता येतो आणि नकाशात आपलं दख्खन पण आहे, मी १०६६ ला कल्याणीच्या चालुक्यांकडून खेळतो. अडचण अशी की त्यात सुरुवातीच्या काळात बाप मेला की राज्य सगळ्या पोरांत वाटलं जातं, म्हणजे जितके भाऊ तितके तुकडे, आणि मग राज्य एकसंध ठेवायचं असलं तर भाऊ कमी करायचं डोक्यात यायला लागतं. मी माझ्या धाकट्या भावावर मारेकरी घातले. लहान पोर होतं, माझ्यावर त्याचा जीव होता (गेममध्ये कुणाचं कुणाबद्दल काय मत आहे ते आकड्यात दिसतं, त्याचं माझ्याबद्दलचं मत चांगलं होतं). राज्य टिकलं, सगळं ठरवलं तसं झालं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर बसलो तरी तेच आत चाललेलं.

याला काय म्हणायचं? पश्चात्ताप म्हणावं तर मला पक्कं माहीत आहे की तीच वेळ परत आली तर मी परत तेच करणार. पेपरात आणि मानसशास्त्राच्या लेखात अपराधगंड लिहितात, तो मला जड वाटतो, शिवाय आमच्याकडं कन्नडमध्ये गंड म्हणजे नवरा, त्यामुळं बोलताना तो शब्द तोंडातून येतच नाही. नेमका शब्द सांगा की.


निपाणी

अपराधगंड सोडाच. त्यातला गंड न्यूनगंडातलाच, मनात कायमची बसलेली गाठ, वर्षानुवर्षं माणसाला वाकवणारी. तुझं तसं काही नाही. अपराधीपणा चालेल पण तो पण पुस्तकी, घरात कोण म्हणतं "मला अपराधी वाटालंय" म्हणून? सिरियलमध्ये म्हणतात.

आपल्याकडं या भावनेला शब्द भरपूर आहेत, फक्त आपण ते एकमेकांच्या जागी वापरून बोथट करून टाकलेत, याचं मला खरंच वाईट वाटतं. हळहळ दुसऱ्यासाठी असते, त्यात आपला हात असायलाच पाहिजे असं नाही, हातातोंडाशी आलेला तंबाखू पावसानं गेला की सगळा गाव हळहळतो. चुटपुट छोट्या गोष्टीची, लग्नाला जायचं राहून गेलं, दर चांगला होता तेव्हा माल दिला नाही. रुखरुख तीच पण जास्त दिवस टिकणारी. खंत मोठी आणि शांत, खंत माणूस चारचौघांत बोलून दाखवू शकतो, सत्काराच्या भाषणात सुद्धा "एक खंत आहे" म्हणतात. सल जुना असतो. आणि टोचणी म्हणजे आपण स्वतः केलेल्या गोष्टीची, जी दुसऱ्याला सांगवत नाही. तू जे सांगालास ती टोचणी. क्रियापद पाहिजे असलं तर मन खातं. "माझं मन मला खातंय" यात खाणारा आणि खाल्ला जाणारा एकच आहे बघ, हे दुसऱ्या कुठल्या शब्दात येत नाही.


चिकोडी

काकांचं वर्गीकरण आवडलं. पण मुळात असं काही वाटायलाच कशाला पाहिजे? मी पण हे गेम खेळतो, युरोपा युनिव्हर्सालिस ४ जास्त, तो १४४४ ला सुरू होतो, बहामनी पण घेता येतात आणि विजयनगर पण. एकाकडून खेळलं की दुसऱ्याला संपवायचंच असतं. मित्राशी तह मोडायचा, शेजारी दुबळा झाला की त्याच्यावर जायचं, प्रजा बंड करते ती सैन्य पाठवून चिरडायची. बुद्धिबळात प्यादं मारल्यावर कुणी टोचणी म्हणतं का?

बाकी शब्दाच्या बाबतीत एक कसोटी सुचवतो, कारण गेममध्ये मागं जाता येतं, जुनी सेव्ह उघडली की झालेलं पुसतं. लढाई हरलो, सेव्ह उघडली, परत खेळलो, जिंकलो, की चुटपुट गेली. रुखरुख पण जाते. म्हणजे हे दोन शब्द निकालाचे आहेत, निकाल बदलला की संपले. आता भाऊ मारलास ती सेव्ह उघड, भाऊ जिवंत होईल. तेवढ्यानं तुझं आतलं गेलं तर ती टोचणी नव्हतीच.


टिळकवाडी, बेळगाव

दादा, कसोटी एकदम पटली, आणि मी ती करून बघितली आहे. सेव्ह उघडली, पोरगं जिवंत झालं, परत तसंच लाघवी, आणि जास्तच अवघड झालं, कारण आता मला माहीत होतं की मी काय करू शकतो. म्हणजे काका म्हणतात तीच, टोचणी.

प्याद्याचं मात्र पटत नाही. प्याद्याला नाव नसतं. इथं पोराला नाव आहे, आई आहे, स्वभाव आहे, आणि गंमत बघा, गेमनं याचा पण हिशोब ठेवलाय. आपला राजा दयाळू स्वभावाचा असला आणि त्याच्याकडून क्रूर काम करवून घेतलं तर त्याचा तणाव वाढतो, शंभरच्या वर गेला की तो कोलमडतो, मग दारू, नाही तर लोकांपासून तुटून राहणं, असलं काहीतरी मागं लागतं. राजा क्रूर स्वभावाचा असला तर त्याला काही होत नाही. रक्ताचं नातं मारलेलं उघडकीला आलं तर तसा शिक्का बसतो आणि दरबार तोंड फिरवतो. म्हणजे गेममधल्या माणसाचं मन खाण्याची सोय आहे. माझं मन खातंय ते कुठल्या आकड्यात येत नाही, त्यालाच मी शब्द मागालोय.

आणि चालुक्य घेतले म्हणून आणखी एक. खऱ्या इतिहासात पण हेच झालंय. सोमेश्वर पहिला १०६८ ला गेला, थोरला सोमेश्वर दुसरा गादीवर आला, आणि १०७६ ला धाकटा विक्रमादित्य सहावा त्याला पाडून राजा झाला, पुढं पन्नास वर्षं त्यानं राज्य केलं. स्वतःच्या नावाचा शक (वर्षं मोजायची पद्धत) काढला, आमच्या जिल्ह्यातले जुने शिलालेख त्या शकात मोजलेले आहेत, सौंदत्तीचे रट्ट राजे त्याचेच मांडलिक. त्याच्या दरबारी बिल्हण नावाचा काश्मिरी कवी होता, त्यानं विक्रमांकदेवचरितात असं दाखवलंय की भावावर जायला विक्रमादित्याचं मन तयार नव्हतं, शंकरानं दर्शन देऊन सांगितलं म्हणून तो गेला. मी ते वाचलं तेव्हा थांबलोच. गादी घेऊन झाल्यावर सुद्धा कवीकडून एवढं लिहून घ्यावं लागतं, म्हणजे काहीतरी टोचत असणारच, त्याला नाही तर बघणाऱ्यांना तरी.


खानापूर

मी कन्नड शाळेत शिकले, घरात मराठी, त्यामुळं माझ्या कानाला दोन्ही भाषा एकदम ऐकू येतात. तुम्ही लोकांनी जवळचा शब्द सोडलात. पाप.

मराठीत पाप लागतं, पाप फेडावं लागतं, पापाचा घडा भरतो. कन्नडमध्ये पण पाप म्हणजे तेच, पण तिथं कुणाचं वाईट झालेलं बघून सुद्धा "पाप" म्हणतात, बिचारा या अर्थी. "पाप, चिक्क हुडुग" म्हणजे बिचारं लहान पोरगं. आमच्या घरात मराठी बोलताना पण हे आलंय, माझी आजी कुणाचंही दुःख ऐकलं की "पाप गं" म्हणायची, पुण्याची वहिनी आली तेव्हा तिला वाटलं आजी त्या माणसाला पापी म्हणालीय. मला आता वाटतं तुझ्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येतात. पोरगं पाप, आणि तू केलंस ते पाप. "मला पाप वाटलं" म्हण, आमच्या भागात लगेच कळेल. निपाणीच्या पलीकडं कळेल का सांगता येत नाही.

असंच एक आणखी. निर्घृण हत्या म्हणून पेपरात रोज येतं, आपण समजतो की घृणा वाटावी अशी हत्या. उलटं आहे. संस्कृतात घृणा म्हणजे दया पण, निर्घृण म्हणजे ज्याच्यात दया नाही तो. मराठीत घृणेचा तो अर्थ गेला, किळस उरली, आणि निर्घृण मात्र जुनाच अर्थ धरून बसलाय. तू मारलंस ते निर्घृण होतं का? मला वाटतं नाही, दया होती म्हणूनच हा प्रश्न आला. त्याला आपण काळजावर दगड ठेवून म्हणतो.


निपाणी

अक्का, पाप गं वाचून बरं वाटलं, आमच्याकडं पण जुनी माणसं म्हणतात.

काळजावर दगड ठेवून बद्दल थोडं सांभाळून. तो वाक्प्रचार त्यागाचा आहे, पोरीला लांब दिली, गाव सोडलं, म्हातारा बैल विकला. ज्याच्यात आपलंच काहीतरी जातं. याच्यात भावाचा जीव गेला आणि राज्य याला मिळालं, तेव्हा दगड याच्या काळजावर होता असं म्हणणं मला बरोबर वाटत नाही. मन घट्ट करून म्हणा हवं तर.


बेळगाव, किल्ल्याजवळ

चर्चा चांगली चाललीय, दोन शब्द माझ्याकडचे. तळतळाट आणि हाय. दोन्ही ज्याचं वाईट केलं त्याच्याकडून येतात, आपल्या मनातून नाही. आपला किल्ला १४७२ च्या सुमारास बहामनींसाठी त्यांचा वजीर महमूद गावान यानं घेतला, तोच बिदरच्या मदरशाचा गावान. १४८१ ला त्याच्या शत्रूंनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवला, त्यावर ओरिसाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं, आणि सुलतान मुहम्मदशहा तिसरा यानं चौकशी न करता त्याला मारवलं. नंतर पत्र खोटं निघालं. सुलतान वर्षभरातच, १४८२ ला गेला, आणि मरताना गावान मला मारतोय असं ओरडत होता असं फेरिश्ता या जुन्या इतिहासकारानं लिहिलंय. आमच्याकडची माणसं हे ऐकून एकच म्हणतील, तळतळाट लागला. आणि सुलतानाच्या बाजूनं बघितलं तर तो पश्चात्ताप, कारण त्याला ती गोष्ट परत करायची नव्हती, ती न केलेली पाहिजे होती. (पश्चात् अधिक ताप, म्हणून त जोडून दोनदा येतो, पश्चाताप नाही लिहायचं, हे सगळीकडं चुकतं.)

गेममधल्या पोराचा तळतळाट लागत नाही कारण तिथं तळमळणारं कुणी नाही. म्हणून हे दोन शब्द तुला चालणार नाहीत, पण का चालत नाहीत ते कळलं की टोचणी का चालतो ते कळतं. टोचणीला समोर कुणी जिवंत असावं लागत नाही.


चिकोडी

मग पश्चात्ताप पण नाही आणि तळतळाट पण नाही. पण मला एक सांगा, वाईट पण वाटलं आणि राज्य पण ठेवलं, परत तेच करणार, ह्या माणसाला जुन्या भाषेत काही म्हणत असतील की.


टिळकवाडी, बेळगाव

दादा, याच्यासाठीच परत लिहालोय, कारण शोधता शोधता जे सापडलं ते मला फार मोठं वाटतंय.

अशोक. कलिंगाचा तेरावा शिलालेख सगळ्यांना माहीत आहे, दीड लाख लोक धरून नेले, एक लाख मारले, त्याच्या कितीतरी पट नंतर मेले, हे राजा स्वतः सांगतो. हा लेख वेगवेगळ्या ठिकाणी कोरलाय, त्यातल्या कालसीच्या (उत्तराखंड) प्रतीत या वाईट वाटण्यासाठी शब्द आहे अनुसये, म्हणजे अनुशय, आणि शाहबाजगढीच्या (आता पाकिस्तानात) प्रतीत अनुसोचन. हे दोन्ही शब्द आपल्याकडं बोलीत राहिले नाहीत. पण त्याच लेखात पुढं जंगलात राहणाऱ्या लोकांना उद्देशून एक ओळ आहे, तिथं अनुतपे शब्द येतो, म्हणजे आपला अनुताप, कीर्तनात ऐकतो तोच. आणि तिथं तो म्हणतो काय, तर देवांच्या लाडक्याला (अशोक लेखात स्वतःला असंच म्हणतो) अनुताप झालाय तरी त्याच्याकडं सामर्थ्य आहे, त्यांनी नीट वागावं, मारले जाऊ नये. अनुताप आणि धमकी एका दमात. कलिंग त्यानं परत दिलं नाही. आणि धौली आणि जौगड, जे खुद्द कलिंगात आहेत, तिथं हा तेरावा लेख कोरलेलाच नाही, तिथं त्याच्या जागी वेगळे लेख आहेत, अधिकाऱ्यांना प्रजेशी न्यायानं वागायला सांगणारे. ज्यांचं मारलं त्यांना ते वाचून दाखवायचं नव्हतं, असं मला वाटतं.

मी अशोकाला खोटा म्हणत नाही. मला उलट त्याच्या त्या ओळीवर जास्त विश्वास बसतो, कारण त्यात वाईट वाटणं पण आहे आणि गादी पण सोडलेली नाही, दोन्ही लपवलेलं नाही. त्यामुळं चिकोडीच्या दादांना उत्तर म्हणून, राजाच्या बाजूनं अनुताप. कीर्तनातला अनुताप माणसाला बदलतो, हे मला माहीत आहे, पण शिलालेखातला अनुताप सत्तेसकट आहे, आणि तो वापर जुना आहे.


खानापूर

मग गेमच्या राजाला अनुताप, खेळणाऱ्याला टोचणी. आणि पोराला?


टिळकवाडी, बेळगाव

पोराला अक्का तुमचाच शब्द, पाप. मी तसं वाक्य करून बघितलं: "राजाला अनुताप झाला की नाही गेमलाच माहीत, मला मात्र टोचणी लागलीय, ते पोरगं पाप काही न करता गेलं." यातलं पाप सीमेपलीकडं कसं वाचतील बघा, "काही पाप न करता गेलं" असं वाचतील. मला दोन्ही वाचन चालतंय.


निपाणी

चालतंय की. फक्त स्वल्पविराम टाकू नकोस, टाकलास की एकच वाचन उरतं.