बायबलचे शहाणपण आणि आपली गुंतवणूक: वचनांचा आधार कितपत घ्यावा?

नगरकर (चर्चाप्रस्ताव)

आमच्या मंडळीतील नुकतीच नोकरीला लागलेली मुले हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरणे) सुरू करणे, समभाग घेणे, निवृत्तीसाठी आतापासून पैसे बाजूला काढणे हे विश्वासाला धरून आहे, की ‘उद्याची चिंता करू नका’ या येशूच्या शिकवणीचा तो भंग आहे? याला दोन टोकांची उत्तरे मिळतात. काहींच्या मते शेअर बाजार हा सरळ जुगार आहे. तर काही उपदेशक वचनांचा हवाला देऊन शंभरपट परताव्याची आशा लावतात. मला दोन्ही उत्तरे आळशीपणाची वाटतात.

माझे म्हणणे असे की, पैसा कोठे गुंतवावा हे बायबल सांगत नाही, पण पैसा हाताळणारा माणूस कोठे घसरतो हे ते फार नेमके सांगते. उतावळेपणाने श्रीमंत होऊ पाहणाऱ्याला बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकातील २८:२० हे वचन इशारा देते, थोडे थोडे जमवणाऱ्याची वाढ होते असे १३:११ म्हणते, आणि ‘अमक्या शहरी वर्षभर राहून व्यापार करू व नफा मिळवू’ असे छातीठोकपणे बोलणाऱ्यांना नव्या करारातील पत्रलेखक याकोब आठवण करून देतो की, उद्या काय होईल हे त्यांना ठाऊक नाही. उपदेशक या पुस्तकातील ११:२ हे वचन तर सात-आठ वाटे करायला सांगते, कारण पृथ्वीवर कोणते अरिष्ट येईल याचा नेम नाही. पण सर्वांत आग्रही इशारा आहे तो दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्याविरुद्ध. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायापासून सत्ताविसाव्यापर्यंत तो निदान सहा वेळा येतो. ज्या जिल्ह्यात पतसंस्थेच्या अर्जावर सही करणे हा शेजारधर्म समजला जातो, तेथे हे वचन कोणत्याही म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकापेक्षा उपयोगी आहे.

हिशेबनीस

मी ख्रिस्ती नाही, पण लोकांचे हिशेब पाहणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून लिहितो. जामीनकीबद्दल नगरकर म्हणतात ते शंभर टक्के खरे आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असे म्हणण्याची सोय जामीनदाराला सहसा नसते, आणि सही करणाऱ्या बहुतेकांना हे नोटीस हातात पडल्यावरच कळते.

बाकीच्या वचनांबद्दल मात्र मला शंका आहे. मुंगी उन्हाळ्यात धान्य साठवते हा नीतिसूत्रांतला दाखला धान्याच्या अर्थव्यवस्थेतला आहे. रोख रकमेचे तसे नसते. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर घरात ठेवलेल्या एका लाखाची खरेदीशक्ती साधारण १२ वर्षांत निम्मी होते. मुंगीचे अनुकरण करून पैसा नुसता साठवणारा माणूस सावकाश गरीब होत जातो. शिवाय ‘ऋणको हा धनकोचा दास’ हे वचन सरसकट लावले तर गृहकर्जही पाप ठरेल. पगाराला झेपणारा हप्ता आणि त्यातून उभी राहणारी मालमत्ता यांची तुलना पेरणीसाठी काढलेल्या सावकारी कर्जाशी कशी करणार?

वसईकर

माझा आक्षेप मुळावरच आहे. वचने अशी सुटी काढून गुंतवणुकीला जोडली की, ग्रंथाचा रोख आपण गुपचूप बदलून टाकतो. योसेफाची गोष्ट घ्या. सुबत्तेच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला आणि दुष्काळात देश वाचला, म्हणून आपत्कालीन निधी ठेवा, असे प्रवचन आपण सर्वांनी ऐकले आहे. ते उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायावर थांबते. सत्तेचाळिसाव्यात काय होते? तेच धान्य लोकांना विकले जाते. आधी त्यांचे पैसे संपतात, मग गुरेढोरे जातात, मग जमीन जाते, आणि शेवटी ते स्वतः फारोचे दास होतात. केवळ याजकांच्या जमिनी तेवढ्या शाबूत राहतात, हेही तेथेच नोंदलेले आहे. साठवण ज्याच्या हाती आली त्याचे साम्राज्य झाले, ही बाजू आर्थिक नियोजनाच्या शिबिरात कोणी वाचून दाखवत नाही.

निर्गम, लेवीय आणि अनुवाद ही तिन्ही पुस्तके गरजू बांधवाकडून व्याज घेण्यास मनाई करतात. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात तर प्रतिष्ठितांना शेकडा एकाने घेतलेले व्याजच नव्हे, तर गहाण पडलेली शेते आणि घरेसुद्धा परत करायला लावले आहे. माझा परतावा किती, या प्रश्नापाशी बायबल फारसे रेंगाळत नाही. माझ्या परताव्याची किंमत कोण मोजतो, हे ते विचारते.

दाविदाची वीणा

एवढी चिकित्सा कशाला? मलाखी ३:१० मध्ये देव स्वतः म्हणतो की, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, आणा आणि माझी प्रचीती पाहा. दशमांश हीच सर्वोत्तम गुंतवणूक आहे. जो देतो त्याला आकाशकपाटे उघडून मिळते.

नगरकर

दाविदाची वीणा, क्षमस्व, पण परताव्याच्या अपेक्षेने दिलेल्या देणगीला देणगी म्हणता येत नाही. त्या अध्यायात संदेष्टा मंदिराच्या भांडारात अन्न यावे म्हणून एका राष्ट्राला फटकारत आहे, आणि पाच वचने आधी विधवा, अनाथ व मजुरी बुडवलेला मजूर यांचा कैवार घेत आहे. ते सोडून फक्त दहावे वचन मासिक हप्त्यासारखे वापरणे मला मान्य नाही.

हिशेबनीस, महागाईचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो बायबलच्या विरुद्ध जात नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील तिसऱ्या चाकराने धन्याचा पैसा पुरून ठेवला. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे वीस वर्षांची कमाई त्याने मातीत घातली. त्या काळी पैसा पुरणे ही गैर गोष्ट नव्हती, उलट तालमुद या यहुदी ग्रंथात पैशाची राखण जमिनीतच होते असे मत आढळते. त्याच ग्रंथात, बाबा मेत्सिया या प्रकरणात, माणसाने आपल्या पैशाचे तीन भाग करावेत, एक जमिनीत, एक व्यापारात आणि एक हाताशी ठेवावा, असा सल्लाही आहे. विभागणीचा हा विचार कोणा आधुनिक सल्लागाराने शोधलेला नाही. गृहकर्जाला मी पाप म्हणत नाही. मात्र नोकरी गेली तर सहा महिने हप्ता कोठून भरणार, याचे उत्तर नसताना सही करणाऱ्याला दास होण्याचा अर्थ लवकर कळतो.

वसईकर, योसेफाबद्दल आपले म्हणणे मी स्वीकारतो. पण लूक १२ मधील मूर्ख धनवानाचा दोष कोठार बांधण्यात नव्हता; त्याच्या सगळ्या बोलण्यात ‘माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव’ याखेरीज दुसरे माणूसच नाही, हा तो दोष होता. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७६० च्या आपल्या प्रवचनात होईल तितके कमवा, वाचवा आणि द्या, असा क्रम लावला तेव्हा पहिल्या पायरीलाच अट घातली होती की, शेजाऱ्याच्या शरीराला वा जिवाला अपाय करून कमवायचे नाही; मद्य विकणाऱ्यांवर तर तो तुटून पडला.

वसईकर

वेस्लीचे नाव काढलेत तर ते शेवटपर्यंत न्या. निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात (त्या निर्देशांकातील पन्नास कंपन्यांत आपोआप पैसे लावणाऱ्या फंडात) दरमहा पैसे भरणाऱ्याच्या रकमेतला काही भाग आयटीसीत जातो, आणि त्या कंपनीच्या नफ्याचा मोठा वाटा सिगारेटमधून येतो. रविवारी व्यसनमुक्तीसाठी प्रार्थना आणि सोमवारी त्याच धंद्याचा लाभांश, हे आपल्या नियोजनात कसे बसते?

आणि जामीनकीबद्दल आपण अर्धेच सांगता. यहूदा आपल्या बापापुढे धाकटा भाऊ बन्यामीन याच्यासाठी जामीन राहतो. पौल फिलेमोनाला स्वतःच्या हाताने लिहून देतो की, तुझा दास अनेसिम तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन. ज्याच्याकडे गहाण ठेवायला काही नाही त्याच्यासाठी कोणीच सही केली नाही, तर तो खासगी सावकाराच्या दारात जातो. वसईत १९१८ साली बसीन कॅथलिक सहकारी बँकेसारखी संस्था उभी राहिली ती लोक एकमेकांच्या विश्वासार्हतेवर विसंबले म्हणूनच.

हिशेबनीस

सहकाराबद्दल सहमत, पण संस्थेने ठेवीदारांच्या वतीने जोखीम उचलणे वेगळे आणि एका शिक्षकाने चुलतभावाच्या ट्रॅक्टरसाठी स्वतःचा पगार गुंतवणे वेगळे. संस्था शंभर कर्जांत दोन बुडतील असे धरून चालते. शिक्षकाकडे एकच कर्ज असते, आणि तेच बुडते.

नगरकर

आयटीसीच्या प्रश्नावर माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही. अशा कंपन्या वगळणारे फंड निवडता येतात, पण यादी कोण करते आणि काय वगळते हे पाहिल्याशिवाय त्यांच्या नावावर भरवसा ठेवू नये, एवढेच म्हणेन.

पौलाचा दाखला मात्र माझ्याच बाजूचा आहे असे मला वाटते. त्याने ‘तो फेडील’ असे लिहिले नाही, ‘मी फेडीन’ असे लिहिले. नीतिसूत्रे २२:२७ मधील कारणही हेच सांगते: फेडायला तुझ्याकडे काही नसेल तर तुझ्या अंगाखालची बाज त्याने का काढून न्यावी? म्हणून मुलांना मी असे सांगतो की, चुलतभावाला ५ लाखांचे कर्ज हवे असेल आणि तुम्ही परत न मिळण्याच्या तयारीने ५० हजार देऊ शकत असाल, तर ते ५० हजार देऊन टाका आणि अर्जावर सही करू नका.

वसईकर

आणि उरलेल्या साडेचार लाखांसाठी त्याने कोणाकडे जावे?