खून करणाऱ्याचंच वाईट काहून वाटते?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका):
परवा रात्री मायसोबत 'वास्तव' पिच्चर पाह्यला. दिवसभर कापूस येचून आलेली माय टीव्हीपुढं पाच मिनिटांत डुलक्या घेते. पण त्यातला गुंड रघू पन्नास तोळ्यांची साखळी मायले दाखवाले घरी येते, तिथं ताठ बसली. म्हणे, "बिघडलं लेकरू, पण मायले दाखवाले आलं ना!" तोवर त्या लेकरानं माणसं मारली होती. मलेही त्याचंच वाईट वाटलं, मेलेल्याचं नाही. असं काहून?

तुरखाटी:
संजय दत्त हाय म्हणून. विषय संपला.

जुना_सीडीवाला (दिग्रस):
अर्धा संपला भाऊ. बसस्टँडमागं माहं सीडी भाड्यानं देण्याचं दुकान होतं. 'वास्तव' दोन डिस्कमध्ये यायचा. पहिलीवर इतके चरे, की दोनदा नवी आणा लागली. दुसरी, ज्याच्यात तो नशेत भेदरून जाते अन् शेवटी मायच गोळी घालते, ती आरशासारखी लख्ख. पोरं ती पाकिटातून काढतच नव्हती.

आता पहिल्या डिस्कमध्ये काय हाय ते पाहा. पावभाजीची गाडी, चार दोस्त, गिऱ्हाइकाची दादागिरी. रघू काही खून कराले निघाला नव्हता. अपमान आधी, रक्त मंग. 1998 च्या 'सत्या'त तर सत्याचा मागचा काळ सिनेमा सांगतच नाही. सिनेमाले नाव त्याचं, पण पोरांच्या तोंडी त्याचा गुंड दोस्त भिकू म्हात्रे, कारण त्याचं घर दिसते, बायकोसोबतची भांडणं दिसतात.

मी एकदा कापसाची गाडी घेऊन बाजारात उभा होतो. व्यापाऱ्यानं मूठभर कापूस उपसला, माह्या बाबाच्या पायापाशी फेकला, म्हणे, "हा कापूस हाय का कचरा?" बाबा हासले. नुसते हासले. त्या रात्री त्या व्यापाऱ्याले मी मनात चार-पाच येळा तरी मारलं असन. सकाळी उठून दुसरी गाडी भरली.

मास्तरीण:
काकांचं बरोबर आहे. जेम्स गिलिगन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगांमध्ये अनेक वर्षं होते. खुनी कैद्यांशी बोलून त्यांनी हेच मांडलं, की हिंसेच्या मुळाशी बहुतेकदा लाज आणि मानहानी असते. पण सगळेच अपमान गिळणारे खून करत नाहीत, काकांनी तरी कुठे केला? पडद्यावर हा फरक पुसला जातो. आणि आईचं म्हणाल तर ती युक्ती जुनी. 1949 च्या 'व्हाइट हीट'मध्ये जेम्स कॅग्नीचा क्रूर गुंड डोकं ठणकलं की आईच्या मांडीवर जाऊन बसतो. ज्याला मारलं त्याची आई आपल्याला कोण दाखवतं?

तुरखाटी:
मॅडम, इतका विचार केला तर पिच्चर पाहाची मजाच जाईन.

पऱ्हाटी:
मायले मॅडमचा सवाल वाचून दाखवला. काहीच बोलली नाही. मंग चहा ठेवता ठेवता म्हणे, "त्याचीही असनच ना कोनी." काका, ती दुसरी डिस्क हाय का अजून?

जुना_सीडीवाला:
होती. पाखरं हाकलाले ज्वारीत टांगली. पहिली चमकत नव्हती.