सात दिवस फक्त द्राक्षे: निसर्गोपचारातील या आहाराचे मूळ कोठे आहे?

गंगापूर रोडकर

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६८ असून त्यांना १२ वर्षांपासून मधुमेह आहे. रोज सकाळी नाश्त्याबरोबर ते ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. गेल्या आठवड्यात ते एका निसर्गोपचार शिबिराला जाऊन आले आणि तेथे मिळालेले पत्रक त्यांनी फ्रिजच्या दारावर चिकटवले आहे. सात दिवस फक्त द्राक्षे, रोज दोन किलो, असा त्यातला क्रम आहे. गोळीविषयी त्यात एक अक्षर नाही, मात्र खाली ठळक टाइपात छापले आहे की चक्कर, घाम किंवा थरथर जाणवल्यास घाबरू नये, शरीरातील विष बाहेर पडत आहे असे समजावे. वडिलांचे म्हणणे असे की ही गांधीजींनीही मानलेली पद्धत आहे, आणि द्राक्षे तर आपल्या दारात पिकतात. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही; पण हा विचार कोठून आला आणि त्यातला किती भाग आज टिकतो, हे जाणकारांनी सांगावे.

पंचवटीतला वाचक

आपल्या पत्रकातली ती ठळक ओळ शंभर वर्षांहून जुन्या विचारातून आलेली आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. लाइपझिगच्या लुई कुने (१८३५–१९०१) यांचे प्रतिपादन असे होते की रोग अनेक नसून मुळात एकच आहे: चुकीच्या आहाराने पोटात साचणारे 'विजातीय द्रव्य'. ताप, जुलाब, पुरळ हे त्यांच्या मते रोग नव्हेत, तर ते द्रव्य बाहेर टाकण्याची शरीराची धडपड. शिकागोचे हेन्री लिंडलार यांनी हीच कल्पना पुढे नेली आणि उपचाराच्या काळात त्रास वाढला तर तो बरे होण्याच्या वाटेवरचा टप्पा मानावा, असे शिकवले. तुमच्या फ्रिजवर जे चिकटले आहे ते बहुधा हेच, फक्त मराठीत.

त्याच्याही आधी सायलेशियातील विन्सेन्ट्स प्रीसनित्स (१७९९–१८५१) यांचा भर थंड पाण्यावर आणि साध्या, जाड्याभरड्या अन्नावर होता. पुढे झ्युरिकच्या माक्स बिर्शर-बेनर यांनी रुग्णांना सालीसकट किसलेले सफरचंद आणि भिजवलेले ओट देण्यास सुरुवात केली. आज पाकिटात मिळणारी म्यूस्ली ती हीच, जरी मूळ पाककृतीत सफरचंद भरपूर आणि ओट चमचाभरच होते. सूर्याची ऊर्जा कच्च्या अन्नात साठते, हे त्यांचे स्पष्टीकरण टिकले नाही, पण फळे आणि कोंड्यासह धान्य खाण्याचा सल्ला टिकला. जाव्हात कोंबड्यांना कोंडा काढलेला पांढरा तांदूळ घातल्यावर त्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंड्याने तो बरा होतो, हे डच डॉक्टर आइकमन यांनी १८९० च्या दशकात पाहिले. जीवनसत्त्वांची कल्पना पुढे अशाच निरीक्षणांतून आली. विजातीय द्रव्याचा त्यात काही संबंध नव्हता.

द्राक्षांविषयी सांगायचे तर, आल्प्समधील मेरानो येथे एकोणिसाव्या शतकात लोक हंगामात 'द्राक्षचिकित्सा' करण्यासाठी जात असत. १९२८ साली दक्षिण आफ्रिकेच्या जोहाना ब्रॅंट यांनी केवळ द्राक्षांनी कर्करोग बरा होतो असा दावा करणारे पुस्तक लिहिले. त्या दाव्याला पुरावा मिळालेला नाही.

गांधीजींनी कुने वाचले होते, आणि १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले, कारण हा उपचार खेड्यातल्या गरिबाला परवडला पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. मात्र त्याच गांधीजींनी जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेतली, हेही वडिलांना जरूर सांगावे.

आहारतज्ज्ञ, कॉलेज रोड

इतिहास वर उत्तम आला आहे, म्हणून मी केवळ धोक्याविषयी लिहिते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि आपण जेवलो की नाही याची वाट पाहत नाही. त्यामुळे द्राक्षे खाल्ल्यावर साखर चढेल, आणि खाण्यात अंतर पडले की ती धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकेल. चक्कर, घाम आणि थरथर ही साखर उतरल्याचीच लक्षणे आहेत. अशा वेळी 'विष बाहेर पडते आहे' असे समजून स्वस्थ बसणारा माणूस बेशुद्ध होऊ शकतो; तत्काळ ग्लुकोमीटरवर साखर तपासावी आणि ती कमी असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करणे हाही मार्ग नव्हे.

दोन किलो द्राक्षांत प्रथिने जेमतेम १४ ग्रॅम मिळतात. या वयात आठवडाभर एवढ्यावर राहिले तर स्नायू झिजतात. निसर्गोपचारातले घेण्यासारखे घ्यायचेच असेल तर पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) घ्यावी. तिच्यात १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अर्थात भाकरीही मोजूनच खावी, कारण नागलीतही पिष्ट आहेच.

द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

मला वैद्यकातले कळत नाही, पण मण्यातली साखर आम्ही रोज मोजतो. काढणीच्या आधी मणी चुरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. १८ ब्रिक्स भरले म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम विरघळलेला ऐवज, आणि त्यात बहुतेक साखरच. दोन किलोंचा हिशेब आपणच करावा. आम्ही बागेत उभे राहून चव बघतो तीही दोन-चार मण्यांची.

गंगापूर रोडकर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३०० ग्रॅम साखर वाटीत ओतून वडिलांसमोर ठेवली आणि रोजच्या दोन किलो द्राक्षांत एवढी तरी जाईल, असे म्हटले. ते बराच वेळ वाटीकडे पाहत राहिले, मग ससूनच्या शस्त्रक्रियेची गोष्ट त्यांनी माझ्याकडून पुन्हा ऐकून घेतली. द्राक्षांचा आठवडा तूर्त रद्द झाला असून गुरुवारी आम्ही त्यांच्या डॉक्टरांकडे जात आहोत. पत्रक अजून फ्रिजवर आहे; ते काढू देत नाहीत, पण खालची ठळक ओळ त्यांनी स्वतः पेनाने खोडली आहे.